रोज एक खांब

या वेळी कुणालाही काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. मी केलं ते एवढंच. पुढचं सगळं नातेवाइकांनी केलं.

आजवर मी व्यायाम कमी आणि व्यायामाच्या घोषणा जास्त केल्या होत्या. जिम लावली तेव्हा पेढे वाटले. (जिमपेक्षा पेढे जास्त दिवस टिकले.) सायकल घेतली तेव्हा तिचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला, आता तिच्यावर टॉवेल वाळतात. शेवटी डॉक्टरांनी शुगर अगदी बॉर्डरवर आहे, रोज चाला, असं बजावलं. घरी येऊन मी तोंड उघडणार, तेवढ्यात हर्षाली म्हणाली, "आधी करा, मग सांगा. आणि खरं सांगू का, आता तुम्ही काही सांगितलं तरी माझा विश्वासच बसत नाही." बायको चिडून बोलली असती तर चाललं असतं. ती कणीक मळता मळता शांतपणे बोलली. ते मला फार लागलं.

म्हणून सगळं गुपचूप. दूध आणतो म्हणून सकाळी घराबाहेर पडायचं. पहिल्या दिवशी पंचवटीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विजेच्या खांबापर्यंत जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढच्या खांबापर्यंत. रोज एक खांब पुढे, बाकी काही नाही. नियम इतका किरकोळ होता की मोडायला कारणच सापडेना. सुरुवातीला पिठाच्या गिरणीपाशी धाप लागून मी भिंतीला टेकायचो. मग टेकणं बंद झालं, मग गिरणी कधी मागे पडली तेही कळेनासं झालं. आणि एके दिवशी खांब संपले आणि समोर गंगा आली. (नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) मला जो आनंद झाला, तो प्रमोशनच्या वेळीही झाला नव्हता. पण सांगायचं कुणाला? पुढच्या तपासणीचा रिपोर्ट हातात आला की तोच हर्षालीच्या पुढ्यात ठेवायचा, तोवर चूप.

गंगेवर पोचलं की परतीसाठी थोडं बसणं भाग होतं. नव्या बुटांनी टाचा सोलवटल्या होत्या, म्हणून बूट काढून पाय पाण्यात सोडायचे. गल्लीतल्या कुणी ओळखू नये म्हणून डोक्यावर पांढरा पंचा असायचा. दाढीला वेळ उरत नसे. आता अनवाणी, दाढी वाढलेला, पंचा पांघरलेला माणूस सकाळी सकाळी, जिथे दहाव्याचे विधी चालतात तिथे, एकटाच खाली मान घालून बसला तर बघणाऱ्याने काय समजावं? मला हे तेव्हा सुचलं नाही. त्यातच एकदा एका कावळ्याने माझा मोजा पळवला आणि समोरच्या पायरीवर जाऊन बसला. मी हात जोडून म्हटलं, "बाबा रे, एवढा परत दे. एका मोज्यावर घरी गेलो तर बायकोला काय सांगू?"

आता खंडेरावमामा. हे आईचे धाकटे भाऊ, राहणार सटाणा. डाळिंबाचे क्रेट घेऊन ते मार्केटला येत होते आणि माल उतरवला की गंगेवर तोंड धुऊन जात होते. (हे मला फार उशिरा कळलं.) त्यांनी मला पलीकडच्या काठावरून आधीही पाहिलं होतं, पण कावळ्याच्या दिवशी सगळं जुळलं. भाचा, पंचा, कावळा आणि जोडलेले हात. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे, आणि पोरगा ती पुरी करायचं वचन देतोय, हे त्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. गेलं कोण, हाही प्रश्न नव्हता. आमच्या घरात म्हातारं माणूस एकच, माझी आई, म्हणजे मामांची कुसाआक्का. फोन करून विचारता आलं असतं. पण सख्ख्या बहिणीच्या मरणाची ज्यांनी खबर दिली नाही, त्यांना आपण होऊन फोन करायचा? मामा तसेच माघारी गेले, सटाण्याला जाऊन रडले आणि रविवारी पिकअप भरून आले.

रविवार म्हणजे आमच्याकडे मटण. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळत होता, आई ओट्यापाशी लसूण सोलत होती आणि मी आंघोळ करून बनियनवर पेपर वाचत होतो. इतक्यात गल्लीच्या तोंडापासून बायकांच्या रडण्याचा आवाज सुरू झाला आणि जवळ येत येत आमच्याच दारात थांबला.

आमच्याकडे असं रडणं दाराशी आलं की आधी गळ्यात पडून रडायचं असतं, चौकशी मागून. आईने लसूण टाकला, डोक्यावर पदर घेतला आणि धावत गेली. दारात सावित्रीमामी पदर डोळ्यांवर ओढून उभ्या होत्या. दोघी गळ्यात पडल्या आणि मनसोक्त रडल्या. मामींच्या हातातलं भाकरी-पिठल्याचं गाठोडं हर्षालीने निमूटपणे घेतलं. तिलाही काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने आईने मामींच्या खांद्यावरून विचारलं, "कोण गयं वं माय?"

"आमनी कुसाआक्का गयी वं!"

आईचं रडणं एकदम वाढलं. मग थांबलं.

"कोणती कुसाआक्का?"

मामींनी पदर वर केला. किंकाळी फोडून त्या मागच्या मागे पायरीवर बसल्या.

"मी ते आठेच शे ना!" आई म्हणाली. (आठे म्हणजे इथे.) घरी कुणी आल्यावर आपण हजर नसावं, हे तिला कधीच खपलेलं नाही.

मामा हे काही बघतच नव्हते. ते सरळ माझ्या अंगावर आले. "बहीण गेली, मला कळवलं नही! आणि वर..." त्यांनी हवेत नाक फुलवलं. "सुतकमा मटण?"

"मामा, आई मागे उभी आहे."

मामा वळले. आईकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढली, खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. सटाण्याला रडले असतील त्याहून कितीतरी खरं. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड, रड. मी गेल्यावर कोण किती रडतं ते तरी समजलं." मला मात्र फार लाज वाटली. माझ्या टाचांपायी म्हातारा माणूस इतके दिवस झुरत होता.

पाणी झालं, चहा झाला. रश्श्यात हर्षालीने आणखी दोन तांबे पाणी ओतलं. (पिकअपमध्ये माणसं बरीच होती.) मग पदराला हात पुसत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, दूध आणायला जाता ना? मग गंगेवर काय करत होतात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी ताठ बसलो. "चालायला जातो. रोज. गंगेपर्यंत."

"तुम्ही? चालत?"

पिकअपमधली सगळी माणसं हसली. मामीसुद्धा हसल्या, ज्या चहा येईपर्यंत हुंदके देत होत्या. हर्षाली हसली नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला वाटलं, तिला विश्वास ठेवायचा आहे. फक्त कुणीतरी दुजोरा द्यायला हवा. असा साक्षीदार जगात एकच होता. डाळिंबाच्या क्रेटमध्ये खालीही चांगलीच फळं लावणारा माणूस. त्याच्या शब्दावर तिने डोळे मिटून भरवसा ठेवला असता.

"मामांना विचार," मी म्हटलं. "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"खरंच मामा? पाहिलंत यांना?"

"पाहिलं ना! तीनदा पाहिलं," मामा ठासून म्हणाले. माझी छाती फुगली. "दोनदा तो पायरीवर बठेल व्हता."

"आणि तिसऱ्यांदा?" मी घाईने विचारलं.

मामांनी डोळे मिटून प्रामाणिकपणे आठवलं.

"तवय आडवा पडेल व्हता."