चुंबळीचं गणित

डोक्यावर असते तोवर ती चुंबळ असते; सरकारी टेबलावर ठेवली की तिचं गणित होतं. हे ज्ञान आम्हाला सन अठ्ठ्याऐंशी साली गावच्या व्यंकटराव गुरुजींनी दिलं आणि त्या बदल्यात माझी घागरीखालची चुंबळ न विचारता उचलून नेली.

हुकूमच तसा होता. पालमच्या प्रदर्शनात प्रत्येक शाळेनं हस्तकलेतून गणिती आकार मांडावेत. हस्तकला शाळेत नव्हती, घरोघर होती. गुरुजींनी एका दुपारी चार टोपल्या (अर्धगोल), धान्याची एक कणगी (वृत्तचिती) आणि गावातल्या अकरापैकी नऊ चुंबळी जमा केल्या. चुंबळीखाली चिठ्ठी लावली : ‘वलय. मध्यभागी काही नाही.’ (हे खरं आहे. काही असतं तर घागर बसली नसती.) उरलेल्या दोन चुंबळींवर गावानं आठ दिवस पाणी भरलं. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांनी अंबाड्यावर घागर टेकवून गणिताची सेवा केली. कणगी एसटीत बसावी म्हणून दोन माणसं खाली उतरली. शिक्षणासाठी एवढं सोसावंच लागतं.

‘स्वतः बनवलेलं साहित्य’ म्हणून गुरुजींचा पहिला नंबर आला. त्यातली माझी चुंबळ वळली होती माझ्या नातीनं, सहावीतल्या कोकिळानं. तिचा गणिताचा पेपरही गुरुजींनीच तपासला. वर्तुळ म्हणजे काय? कोकिळानं लिहिलं, ‘खुंटी ठोकावी, दोरी बांधावी, ताणून फिरावं. दोरीचं टोक जिथून जातं ते वर्तुळ.’ लाल शून्य. तेवढ्या मार्कांनी पोरगी नापास.

तिचा बाप, माझा लेक चंद्रभान, म्हणाला, “बास झाली शाळा. औंदा ऊसतोडीला येऊ दे आमच्यासंगं.”

मी पेपर घेऊन शाळेत गेले. मीही दोन वर्षं शिकलेली आहे. (दुसऱ्या वर्षी शाळा भरलीच नाही, पण धरायचं.)

“काकू, पुस्तकात व्याख्या येगळी हाय,” गुरुजी म्हणाले.

मी लुगड्याचा एक धागा ओढला, एक टोक त्या लाल शून्याच्या मधोमध बोटानं दाबलं आणि दुसरं फिरवलं. शून्याची रेघ कधी धाग्याच्या टोकाच्या आत, कधी बाहेर. तुम्ही वाचणारे शिकलेले दिसता. हसण्याआधी एक गोल काढून बघा. मी थांबते.

मग मी म्हणाले, “गुरुजी, ह्ये शून्य न्हाई, वांगं हाय. पोरीला नापास करायचंच असंल तर शून्य तरी गोल काढा. जमत नसंल तर कोकिळाला धाडते. ती काढून दील, तुमी खाली नाव टाका तुमचं. सवय हाय तुमाला.”