रेवती म्हेत्रेची बाकी राहिलेली सुरुवात

रेवती म्हेत्रे शेवटच्या रेषेवर पोचली तेव्हा ती अजून निघालेली नव्हती.

मी सुरुवातीच्या रेषेपाशी उभा होतो. अंगठा घड्याळाच्या बटणावर होता आणि नजर रेवतीच्या हातावर. ती नेहमीसारखी वाकलेली होती, उजव्या हाताची बोटं चुन्याच्या रेषेमागे टेकवलेली, डावा हात कमरेपाशी. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला यंत्र वाजलं. मान वर करून पाहिलं, तर तिकडे रेवती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. मान खाली करून पाहिलं, तर इकडे रेवती वाकलेलीच होती. तिची करंगळीसुद्धा हललेली नव्हती, म्हणून मी बटण दाबलं नाही. नियम म्हणजे नियम.

हा नियम आधी समजून घ्या. अमेरिकन फुटबॉल हा हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा खेळ आहे. त्याला फुटबॉल का म्हणतात हे विचारायचं मी सोडून दिलंय. त्यात खेळाडू निवडायचा असला की त्याला चाळीस यार्ड सरळ पळवतात आणि वेळ घेतात. बाकीच्या शर्यतीत पिस्तूल वाजतं, इथे काहीच वाजत नाही. पळणारा आपल्या मर्जीने निघतो आणि तो पहिल्यांदा हलला की घड्याळ सुरू करायचं. आमच्याकडे सुरुवात माणसाच्या अंगठ्यावर आणि शेवट यंत्राच्या किरणावर, अशी वाटणी आहे. विट्यात तो अंगठा माझा. पूर्वी कुस्तीच्या मैदानात वेळ बघायचो, आता इथे बघतो. माझं नाव हिंदुराव यादव, पण लोक मला हिंदुराव अंगठेबहाद्दर म्हणतात. लोकांना दुसरे उद्योग नाहीत.

रेवतीची खेळातली जागा पुढे धावून चेंडू झेलणारीची. चेंडू जिथे पडणार तिथे चेंडूच्या आधी पोचायचं, हे तिचं काम. ती ते काम मनापासून करायची. त्यामुळे त्या दिवशी जे झालं त्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. एखाद्याने कामात प्रगती केली तर आपण कौतुक करावं.

नवल निनाद अभ्यंकरांनाही वाटलं नाही, पण त्यांना त्रास झाला. अभ्यंकर पुण्याहून आले होते. अमेरिकेतल्या एका महिला संघाला आपल्याकडची एक मुलगी हवी होती आणि ती निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. जागा एकच होती. वयाची अट अशी की रेवतीला पुढच्या वर्षी मैदानात पाऊल टाकता आलं नसतं. ही तिची शेवटची संधी होती, आणि मैदानातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

"पोचण्याबद्दल माझी काही तक्रार नाही," अभ्यंकर म्हणाले. "पण सुरुवात कुठे आहे?"

"सुरुवात अजून व्हायची आहे," मी म्हटलं.

"मग करून घ्या. मला पाच वाजता निघायचंय."

मी पलीकडच्या रेवतीकडे गेलो. ती पाणी पीत होती.

"रेवती, निघायचं राहिलंय बघ तुझं."

"मी पोचलो की, अण्णा," ती म्हणाली. "आता निघायचं तिचं तिला इचारा."

मी अलीकडच्या रेवतीकडे आलो. तिने मान वर केली नाही. मान हलवली असती तर मला बटण दाबावं लागलं असतं, हे तिला माहीत होतं. ती जमिनीकडे बघूनच बोलली.

"साहेबांस्नी सांगा, आधी माझी वेळ लिहा. जशी हाय तशी. मग निघतो."

हा हट्ट वरवर पाहता अवास्तव वाटेल. पण रेवतीची ही चौथी खेप होती. पहिल्या वर्षी ती सुंदर पळाली. माझा अंगठा साक्षीला आहे. अभ्यंकरांनी तिच्या वेळेत पाव सेकंद वाढवला आणि सांगितलं, लहान गावात हाताने घेतलेली वेळ कमी भरते, म्हणून एवढं धरावंच लागतं. ती त्या पाव सेकंदाने राहिली. दुसऱ्या वर्षी ती त्याहून जोरात पळाली, तेव्हा मैदानाला उतार आहे म्हणून पुन्हा पाव धरला. तिसऱ्या वर्षी म्हणे वारा पाठीमागून होता. वारा त्या दिवशी पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, पण पुण्याहून येणाऱ्याला वारा दिसतो. नाचता न येणाऱ्याचं अंगण वाकडं असतं, हे आपण ऐकलंय. इथे पोरगी नाचत होती आणि बघणारा अंगण वाकडं ठरवत होता. मला याचा राग होता आणि आहे.

अभ्यंकर सुरुवातीच्या रेषेशी उकिडवे बसले.

"हे बघा, म्हेत्रे," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही निघालात की यादव बटण दाबतील. मग मी रीतसर आकडा घेईन."

"बटण दाबलं तर बंद कोण करणार?" रेवती म्हणाली. "तिकडं मी आदीच पोचलोय. यंत्र एकदा वाजलंय. तुमचं घड्याळ चालतच ऱ्हाईल, आनि तुमी म्हनाल ही पोरगी अजून पळतीय."

मुद्दा बिनतोड होता. पोचल्यावर निघालं तर वेळ शून्याच्या खाली जाते, आणि शून्याच्या खालच्या वेळेसाठी अभ्यंकरांच्या तक्त्यात जागा नव्हती. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोन लावला. तिकडून विचारणा झाली की उमेदवार हलली आहे का. नाही म्हटल्यावर सांगण्यात आलं की मग चाचणी अजून सुरूच झालेली नाही, सबब कार्यालयाचा संबंध येत नाही.

"मी तुम्हाला बाद करू शकतो," अभ्यंकर म्हणाले.

"कशापायी?"

त्यांनी नियम चाळले. लवकर हलल्याबद्दल बाद करता येत होतं. न हलल्याबद्दल कुठेच काही नव्हतं.

दुपारी रेवतीची आई सुमनवहिनी डबा घेऊन आली. रेवतीचे वडील कोइमतूरला सोनं गाळायच्या कामावर असतात, विट्यातली निम्मी घरं तशीच, त्यामुळे घरचं सगळं वहिनीच बघते. तिने मैदानात दोन मुली पाहिल्या, डबा एकच आणला होता. तिने आधी वाकलेल्या मुलीच्या तोंडात भाकरीचा घास दिला.

"तिला नंतर," ती पलीकडे बघून म्हणाली. "ती पोचलीय. हिला अजून जायाचं हाय."

रेवती न हलता जेवली. चावणं म्हणजे हलणं का, असा प्रश्न अभ्यंकरांनी काढला. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी तो परत घेतला.

वहिनी त्यांना म्हणाली, "साहेब, आमच्यात सोनं गाळलं की वजनात घट धरत्यात. पर ती गाळल्यावर, डोळ्यादेखत. तुमी पोरगीला आगीत घालायच्या आदीच घट धरता. ह्यो कुठला धंदा?"

अभ्यंकर उठले, कपडे झटकले आणि त्यांनी ठरवलं की म्हेत्रेंचं प्रकरण बाजूला ठेवून बाकीच्या मुलींतून एक निवडायची. जागा एकच होती, आणि बाकीच्या मुली काही कमी कष्ट घेऊन आल्या नव्हत्या. कोणी कळंबीहून, कोणी आटपाडीहून, एसटीत उभ्याने. त्यातल्या एखादीने संधी साधली असती तर मी तिला दोष दिला नसता.

त्यांनी पहिलं नाव पुकारलं, शबाना मुजावर. ही रेवतीच्या खालोखाल वेगवान. ती आली, बूट आवळले, रेवतीच्या शेजारी वाकली, बोटं टेकवली. मी बटणावर अंगठा ठेवला.

शबाना हलली नाही.

आम्ही वाट बघितली. मुंग्यांची एक रांग तिच्या बोटांवरून गेली, तरी ती हलली नाही.

"निघा," अभ्यंकर म्हणाले.

"आपल्या मर्जीनं निघायचं, असा नियम हाय न्हवं?" शबाना म्हणाली. "मर्जी व्हईना झालीय."

त्यांनी दुसरं नाव पुकारलं. दुसरीही वाकली आणि तशीच राहिली. तिसरी आली. नावं संपली तेव्हा रेषेवर मुलींची सलग ओळ झाली होती. सगळ्यांची डोकी खाली होती, सगळ्यांची बोटं चुन्याला लागून होती. मैदानात इतकी शिस्त मी कुस्तीच्या काळातसुद्धा पाहिली नव्हती. अंगठा मी स्थिर ठेवला. त्या ओळीत एक जरी हलली असती, तर मला दाबावंच लागलं असतं. मी कोणाच्या बाजूचा नव्हतो. मी फक्त मनात म्हणत होतो, पोरींनो, हलू नका.

पाच वाजून गेले. पुण्याला रिकाम्या हाताने जाणं अभ्यंकरांना परवडणारं नव्हतं. ते पलीकडे गेले. अख्ख्या मैदानात पोचलेली अशी एकच मुलगी होती.

"किती लिहू?" त्यांनी विचारलं.

"लागला तेवढा," पोचलेली रेवती म्हणाली.

"लागलाच नाही."

"मग तसं लिहा."

त्यांनी शून्य काढलं. पेन तिथेच थांबलं. मग सवयीने ते म्हणाले, "यात पाव धरतो. तरीही तुम्हीच पहिल्या येता. तुमचं काही नुकसान नाही."

खरोखरच तिचं काही नुकसान नव्हतं. अमेरिका तिला पाव सेकंद धरूनही मिळत होती. मला वाटलं ती मान डोलावेल. मी तिच्या जागी असतो तर डोलावली असती.

"न्हाई," ती म्हणाली. "पाव काढा."

"अहो, पद्धत आहे ती."

"पद्धत असंल. माझा न्हाई त्यो. मी पळलो तवा बी त्यो माझा नव्हता आनि आता तर मी पळलोबी न्हाई." तिने रेषेकडे बोट केलं. "आनि त्यो काढला न्हाई तर मी तिथनं उठनार न्हाई. त्या बी उठनार न्हाईत."

अभ्यंकरांनी त्या ओळीकडे पाहिलं. मग नुसतं शून्य ठेवून खाली सही केली. त्यानंतर शबानाचीही वेळ त्यांनी भरली तशीच लिहिली, आणि बाकीच्यांचीही. त्या एकामागून एक आपापल्या मर्जीने निघाल्या आणि मी प्रत्येकीला बटण दाबलं. अंगठा दुखून आला. उतार आणि वारा यांचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

पोचलेली रेवती महिन्याभराने अमेरिकेला गेली. विट्याच्या स्टँडवर तिला निरोप द्यायला बरीच गर्दी होती. तिकडे ती चांगली खेळते. चेंडू येण्याच्या आधी हजर असते, आणि त्याबद्दल तिकडे कोणाची तक्रार नाही.

निघायची राहिलेली रेवती रेषेवरच होती. क्रिकेटवाल्यांनी तिला खूण धरून सीमारेषा आखून घेतली. सुमनवहिनी रोज डबा आणत होती. ऊन चढलं की मी छत्री धरायचो. तिने निघावं असं कोणी तिला म्हणत नव्हतं, कारण नोंद झाली होती, विमान गेलं होतं आणि तिच्या निघण्याची आता कोणालाच गरज उरली नव्हती.

एका सकाळी मीच विषय काढला. "रेवती, तुझ्या मनासारखं झालं. अजून का थांबलीस?"

"तुमच्या गळ्यात काय हाय, अण्णा?"

घड्याळ होतं. इतक्या वर्षांत ते गळ्यातून काढायचं माझ्या लक्षातच येत नाही. मी ते काढून खिशात घातलं.

"खिशात नगं."

मी ते सुमनवहिनीच्या हातात दिलं. वहिनीने ते डब्याच्या पिशवीत टाकलं, वर रिकामा डबा ठेवला आणि पिशवीची गाठ मारली.

मग रेवती निघाली.

मी आयुष्यभर पळणाऱ्यांचे हात बघितले, पळणं बघितलंच नव्हतं. बटण दाबलं की डोळे घड्याळावर जायचे. त्या सकाळी बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तिला बघितलं. ती हसत पळत होती. पायाखालचा चुना उडत होता, वेणी सुटली होती, आणि पुढे तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. ती शेवटच्या रेषेवर पोचली का, हे विचारण्यात अर्थ नाही. तिथे ती आधीच पोचलेली होती.

मैदान मोकळं झालं. वहिनीने पदराने कपाळ पुसलं.

"किती लागला, भावजी?"

"बघितला नाही, वहिनी."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.