कातरी उंदरीण आणि देखणी पत्रिका

एका जंगलात, बाळांनो, एक उंदरीण राहायची. तिचं नाव कातरी. त्या जंगलात माणसं सहलीला यायची, ढीगभर कागद टाकायची आणि जाताना 'जंगल स्वच्छ ठेवा' अशी पाटी लावून जायची. पाटीही कागदाचीच असायची.

उंदरांच्या घरी कागद खायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कातरी मात्र तो कुरतडून नक्षी करायची. दातांनी वेली काढायची, घड्या घालून पाखरं करायची. एकदा तिने वर्तमानपत्राचं झुंबर केलं. घरातले सगळे त्याखाली उपाशी बसले.

"सूनबाई, अन्नाशी खेळू नये," सासूबाई म्हणायच्या.

शेजारची खार मोठी शहाणी होती, म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत. ती म्हणाली, "अगं, एवढी कला दातात आहे आणि तू नुसता आनंद घेत बसतेस? व्यवसाय कर! लग्नाच्या पत्रिका बनव."

नुसता आनंद घेणं हा गुन्हा आहे, हे कातरीला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

सासूबाईंनी अट घातली. "पहिल्या कामात नाव काढलंस तर ठीक. नाहीतर बिळातला सगळा कागद मुलांच्या ताटात."

सगळा कागद म्हणजे तिची पाखरं, तिच्या वेली आणि ते झुंबरसुद्धा.

पहिलं काम आलं अस्वलरावांचं. त्यांच्या मधुराचं लग्न ठरलं होतं.

"अख्ख्या जंगलाने तोंडात बोट घातलं पाहिजे," अस्वलराव म्हणाले. "आणि 'आहेर आणू नये' असंही लिही. पण बारीक अक्षरात."

कातरी कामाला लागली. पत्रिकेच्या बाहेर तिने नुसती वेलबुट्टी काढली आणि मधोमध कमळाची मिटलेली कळी चिकटवली. कळी फाडली की पत्रिका उघडायची आणि आत कागदाचा मोर उभा राहायचा. मोराच्या पिसाऱ्यात वधूवरांची नावं, पायाशी मुहूर्त आणि ठिकाण. तो मोर करताना कातरी जेवायचं विसरली. समोर कागद असून विसरली!

अस्वलराव बेहद्द खूश झाले. "आता दारोदार जाऊन 'यायचं हं' म्हणत फिरायला नको. पत्रिका बघूनच धावत येतील." आणि त्यांनी पत्रिका कावळ्याकरवी वाटल्या.

हरणीने पत्रिका हातात घेतली. "इश्श, ही फाडायची? माझा तर जीव होत नाही बाई." तिने ती दारावर टांगली. माकडांनी पत्रिकेशेजारी उभं राहून फोटो काढले. कोल्हा म्हणाला, "कोणीतरी उघडेलच. त्याला मुहूर्त विचारू." कोल्ह्याला वाटलं, हे फक्त आपल्यालाच सुचलं. पण ते सगळ्यांनाच सुचलं होतं.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव सजला, मधाची मडकी भरली, वाजंत्री वाजू लागली. अस्वलराव दारात हसत उभे राहिले. मग नुसतेच उभे राहिले. मधुराच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. कातरी कोपऱ्यात बसली होती. तिला आपलं झुंबर मुलांच्या ताटात दिसत होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि डुकरोबा आला. हा एक रानडुक्कर. अंगभर चिखल, वागायला राकट.

"कातरीबाई, माफ करा," तो ओशाळून म्हणाला. "माझ्या सुळ्यांनी तुमची पत्रिका फाटली हो. नाजूक काही मला जमतच नाही. पण आतून मोर काय उभा राहिला! मी दचकून मागंच पडलो. मग दिवसभर त्याला मिटत होतो अन् उघडत होतो."

कातरीला रडूच कोसळलं. तिचा मोर बघितलेला तो एकटाच होता.

डुकरोबाने अक्षता टाकल्या, तो भरपेट जेवला आणि निघून गेला. अस्वलराव गरजले, "नाक कापलं माझं!"

"अहो, हळू बोला," अस्वलीणबाई कोठीतून म्हणाल्या. "मध वर्षभर पुरेल."

अस्वलराव मडकी मोजायला गेले. दुसऱ्या दिवशी जो भेटेल तो म्हणायला लागला, "काय थाटाची पत्रिका!" बोलावलं नाही म्हणून कोणी रुसलं नाही. अस्वलराव मिशीला ताव देत सांगू लागले, "असं लग्न या जंगलात झालं नाही."

मग हत्ती कातरीकडे आला. "आमच्या पोराची मुंज आहे. बोलवावं तर सगळ्यांना लागतं. तेव्हा तुमची ती... तशीच पत्रिका करा."

"आत काय करू? मोर की हरीण?"

"आत कशाला? तिथे कोण जातंय?"

कामांची रीघ लागली. सासूबाई आता मुलांवर डाफरतात, "सूनबाईच्या कागदाला दात लावाल तर खबरदार!" झुंबर वाचलं. पत्रिका आतून कोऱ्याच जातात. कातरीला आधी फार वाईट वाटायचं. मग सवय झाली.

प्रत्येक कार्यात एकच पत्रिका ती आतून भरते. डुकरोबाची. तेवढी करताना ती अजूनही जेवायचं विसरते. त्यामुळे जंगलातल्या झाडून सगळ्या लग्नामुंजींना एकच पाहुणा असतो. हल्ली तो फार सुटलाय.

तात्पर्य: बाळांनो, पत्रिका अशी देखणी करावी की ती उघडायची कोणाची छाती होऊ नये. बोलावल्याचं पुण्य आपल्याला मिळतं, न आल्याचा दोष त्यांच्या माथी जातो. कोणी खरंच यावं असं वाटत असेल, तर मात्र घरी जाऊन 'यायचं हं' म्हणावं. तेही जपून. कारण मग ते येतात.