देवाच्या डब्यावरचा स्टिकर

देवाच्या डब्याला स्टिकर लावलेला मला बघवला नाही, म्हणून ओरबाडून काढला. एवढंच केलं मी.

पोरीचं, दिव्यश्रीचं, लग्न आठवड्यावर आलेलं. लग्नात सामान इकडचं तिकडं होतं म्हणून तिनं स्टिकरांचा कागद आणला. एकेकावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन, कुणी रागारागात काढलेल्या रांगोळीसारखा. (मी चौथी नापास. मला रांगोळीच दिसणार.) फोन समोर धरला की वस्तू कसली, फोन कुठं करायचा, सगळं दिसतं म्हणे. पोरीनं कढई, परात, समई, कुणाला सोडलं नाही.

त्या दिवशी मी देवाचा टाक उजळून आणायला तंजावूरला निघालो. टाक म्हणजे आमच्या खंडोबाचा चांदीचा पत्रा, पणजोबाच्याही आधीचा. तो पुढ्यात नसला तर लग्नाचं देवक बसत नाही, आणि देवक नाही तर लग्न नाही. बसमधे डबा मांडीवर घेतला, बघतो तर झाकणावर स्टिकर.

देव काय बाजारातलं बकरं आहे? ओरबाडला, सीटवर टाकला आणि रागात त्याच्यावरच बसलो.

राजवाड्याच्या स्टॉपला कंडक्टर म्हणाला, मागच्या दारानं उतरा. मी पुढच्यानंच उतरणार होतो. त्याचे आईबाप, त्याची बस, त्याची शिट्टी, सगळ्यांचा उद्धार करून पुढच्या दारानंच उतरलो. जिंकलो. बस गेली. बघतो तर हात मोकळे.

बसमागं पळालो, कमरेची वेष्टी सुटली, परत बांधली. ऑटोवाल्यावर ओरडलो, पोलिसावर ओरडलो, एका गाईवरही ओरडलो. मग आवाजच संपला. फुटपाथवर बसलो. पोरीला कुठल्या तोंडानं सांगू, तुझा देव बसमधे गेला म्हणून?

शेवटी उठलो, तेवढ्यात मागून कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, जरा वाकता का?"

(आजोबा म्हणे. मी नवरीचा बाप.) पण वाकलो. तिनं माझ्या ढुंगणासमोर फोन धरला, आणि दुसऱ्या क्षणी त्या फोनमधून माझ्या बायकोचा आवाज आला. सरोजाला त्या भागातून कुणी कधी हाक मारली नव्हती.

"अम्मा, तुमची वस्तू सापडली," मुलगी म्हणाली.

"एक तर आत्ताच सापडली. ही कुठली आता?"

मुलगी वाचायला लागली, "फार जुनी. चांदीची. जपून धरा, आपटू नका." माझ्या डोक्याकडं बघितलं. "चांदी आहे, अम्मा. वरती थोडीशी."

"ओरडते का?"

"मघाशी ओरडत होती. आता रडायला आलीय."

"मग आमचीच. पुसून गावच्या बसमधे बसव, राजा."

मी फोन हिसकावला. "सरोजा, देव गेला गं."

"देव परतीच्या बसमधे बसला. तुम्ही कुठं बसलात?"

झालं होतं असं, की त्याच कंडक्टरनं डबा उघडला. झाकणाच्या आतून दुसरा स्टिकर. (पोरीला बाप ठाऊक.) त्यानं घरी फोन केला आणि डबा आमच्या गावच्या बसमधे दिला.

घरी पोचलो तर देव आधीच पाटावर. सरोजानं चिंच लावून घासलेला, लखलखीत. सोनाराकडं जायचंच कारण नव्हतं. मी बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. बोटभर कागद, त्यावर ठिपके, आणि त्यानं एवढ्या शहरातून आमचं घर शोधलं. नमस्कार देवाला केला की स्टिकरला, ते मलाही सांगता येणार नाही.

लग्नाच्या दिवशी मी स्वतः म्हणालो, "दिव्या, एक मलाही लाव."

"लावलाय, अप्पा. छत्रीला."

मला आनंद झाला. भर मांडवात व्याह्यांना छत्री दाखवली. म्हटलं, वाचा, आमच्या पोरीनं बापाबद्दल काय लिहिलंय.

व्याह्यांनी फोन धरला आणि मोठ्यानं वाचलं, "छत्रीबरोबरची वस्तू ओरडते, घाबरू नका. छत्री लगेच पाठवा. वस्तूची घाई नाही."