शिवदास परबांचा एडिटर

कोणतेही यंत्र आपणहून म्हातारे होत नाही. त्याला नवे काम सांगितले की मगच त्याचे वय निघते. घाटकोपरच्या समाधान सोसायटीत राहणाऱ्या शिवदास परबांचा संगणक अशाच एका मंगळवारी एकदम पंधरा वर्षांचा झाला.

काम साधे होते. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या आराखड्यात परबांच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. ज्या घरात आठवड्यातून चारदा बांगडा तळला जातो, त्या घरातला हा प्रश्न जीवनमरणाचा होय. हरकती रविवारी अकरापर्यंत द्यायच्या होत्या, त्याही टाइप केलेल्या. (एका सभासदाचे अक्षर लावण्यात कमिटीच्या तीन सभा गेल्या होत्या.) संगणकातला लिहायचा प्रोग्राम मुदत संपून केव्हाच गप्प झाला होता, म्हणून साधा टेक्स्ट एडिटर टाकायचे ठरले.

नव्या एडिटरने संगणकाला दारातूनच परत पाठवले. मुलीने, प्रांजलने, जुनी आवृत्ती शोधून दिली आणि कामावर जाता जाता सांगितले, "पप्पा, खाली जाऊन टिक मारा. काय नाय होत!"

इथे प्रांजलचे चुकले. परबांनी मरोळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळताना एकतीस वर्षांत न वाचता एकाही चलनावर सही केली नव्हती. टिक मारून मान्य करायचा एडिटरचा करार अठ्ठेचाळीस पानांचा, तोही इंग्रजीत. शब्दकोश शेजारी ठेवून दिवसाला दहा-बारा पाने या शिस्तबद्ध वेगाने वाचन सुरू झाले. वहीत हरकती उतरू लागल्या. कलम चार: प्रोग्राम 'आहे तसा' देणार, म्हणजे नेमका कसा? कलम अकरा: नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. मग कोण? कलम एकोणीस: वाद झाल्यास परदेशातील कोर्टात हजर राहणे. (गुडघ्यांमुळे अशक्य.)

"अहो, कागदावर लिवा नि देवन टाका मगे!" परबांच्या पत्नी सुगंधाबाई म्हणाल्या.

शनिवारपर्यंत चौदा हरकती झाल्या. त्यांचे निरसन होईपर्यंत टिक मारणे परबांना प्रशस्त वाटेना. रविवारी पावणेअकराला ते शेवटी हाताने लिहिलेला अर्ज घेऊन सेक्रेटरी मृणालिनीबाईंकडे गेले.

"हाताने लिहिलेलं पण घेतलं असतं, काका," फाइल उघडत त्या म्हणाल्या. "पण हरकत कसली? मार्चमध्येच तुम्ही पुनर्विकासाच्या करारावर सही केलीत ना. एकशे बारा पानं. हे बघा, पान त्र्याहत्तर: खिडकीबाबत सभासदाची कोणतीही तक्रार राहणार नाही."

परबांनी फाइल जवळ ओढून पाहिली. सही त्यांचीच होती, जिन्यात उभ्याउभ्या केलेली.

"सगळ्यांनी केली होती ना," ते म्हणाले. "शेजाऱ्यांसमोर वाचत बसलो असतो तर विश्वास नाही असं दिसलं असतं."

परक्याचा कागद वाचावा, आपल्या माणसांचा वाचत बसणे बरे दिसत नाही, या रीतीवरच आपल्या सोसायट्या उभ्या आहेत आणि पडतही आहेत. घरी जाऊन सुगंधाबाईंना काय सांगायचे, या भीतीने परब पाऊण तास गेटवरच उभे राहिले.

वाचकांनी त्यांना खुशाल हसावे. फक्त तुमच्या घराच्या करारात खिडकी कितव्या पानावर आहे, तेवढे आधी सांगा.