गुरुवारचा निराशावादी

पॅरिसमधल्या नव्या कल्पना आमच्या गावात जरा शिळ्या होऊनच पोचत. पण मादाम द ब्रेसाक त्या दर गुरुवारी गरम करून वाढत. त्यांच्याकडे जेवायला येणाऱ्या सगळ्या विचारवंतांचं मत एकच होतं, की जग उत्तम चाललं आहे. सगळेच माना डोलावू लागल्यावर चर्चा कसली रंगणार? म्हणून मादामनी रीतसर एक निराशावादी नेमला होता, थेओदूल ग्रेमियों.

काम सोपं होतं. सूपचा पहिला घोट घ्यायचा, सुस्कारा टाकायचा आणि मानवजातीच्या नावानं बोटं मोडायची. मग बाकीचे त्यांचं खंडन करीत आणि जेवणावर आडवा हात मारीत. ग्रेमियोंना आठवड्यातून एकदाच पोटभर मिळे, ते इथंच.

त्या गुरुवारी मात्र घोट घेताच ते म्हणाले, "वा! झकास झालंय!"

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले.

"बरं नाही का वाटत?" पाद्री लोर्फय यांनी विचारलं.

"लग्न ठरलंय माझं. कोपऱ्यावरच्या पेरीनशी, ती पावाच्या भट्टीवाली."

"रडकी आहे का हो?" पाद्रींनी आशेनं विचारलं.

"छे! दिवसभर हसत असते."

पाद्रींचे डोळे भरून आले. "अहो, मग आम्ही खंडन कुणाचं करायचं? तुमचं तोंड बघितलं की घरी जाताना वाटायचं, आपलं बरं चाललंय!"

मांस येण्यापूर्वीच ठराव झाला: सर्वांच्या सुखासाठी श्री. ग्रेमियों यांनी दुःखी राहावे, सबब विवाह करू नये. केल्यास खुर्ची जाईल. ठराव एकमतानं मंजूर.

ग्रेमियोंनी आत येणाऱ्या भाजलेल्या बदकाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"हेच! हेच ते तोंड!" मादामनी टाळ्या वाजवल्या.

"मादाम," ग्रेमियों उठत म्हणाले, "जग चांगलं आहे हे तुमचं म्हणणं मला आजच पटायला लागलं होतं."

"छे, छे! अशी घाई करू नका!" सगळे एका सुरात ओरडले.

ते सरळ भट्टीवर गेले. लग्न झालं. दोघं सुखात आहेत. भांडण नाही, आजारपण नाही, पावसुद्धा कधी करपला नाही.

हे वाचून तुमचा किंचित हिरमोड झाला असेल, कुठंतरी काहीतरी बिघडायला हवं होतं असं वाटलं असेल, तर गुरुवारी मादामकडे अवश्य जा. फक्त ग्रेमियोंच्या खुर्चीवर बसू नका. तुमची जागा आशावाद्यांच्या रांगेत आहे.