अपडेट विचाराधीन आहे

कोणतीही सुधारणा आधी शेजाऱ्याच्या घरी व्हावी, तिचे परिणाम आपण कुंपणावरून पाहावेत, आणि बरे दिसले तर 'आम्ही पहिल्यापासून हेच सांगत होतो' असं म्हणावं, या तत्त्वावर मानवजात आजवर टिकून आहे. संकरित बियाणं, कुकर आणि गोबरगॅस या तिन्ही गोष्टी आमच्या केज तालुक्यात याच मार्गाने आल्या. मी स्वतः चौतीस वर्षं पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, म्हणजे सुधारणा लोकांच्या घरी नेऊन घालणं हेच माझं काम होतं. (त्या काळात माझ्या स्वतःच्या घरी एकही सुधारणा शिरली नाही. यावरून मी किती निःस्वार्थीपणे नोकरी केली ते दिसून येईल.)

तर मुद्दा टॅबचा. केजमध्ये 'ज्येष्ठ टॅबधारक संघ' नावाची एक नोंदणी न झालेली संस्था आहे. (नोंदणीची दरखास्त तयार आहे, सोबतची कागदपत्रं जमवायला उपसमिती नेमली आहे.) सभासद अकरा. मन्मथअप्पांचं भुसार दुकान आहे, त्याच्या मागे त्यांचं घर, आणि दोहोंच्या मध्ये बैठकीची खोली. तिथे आम्ही रोज सकाळी जमतो. अध्यक्ष मी. त्यासाठी मी काहीही केलं नाही. काहीही न करण्याचा इतका दांडगा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नव्हता, म्हणून माझी निवड झाली. संघाच्या पाहणीनुसार टॅबचा वापर असा होतो: सुप्रभातचे फोटो पाठवणं बासष्ट टक्के, दुसऱ्यांचे सुप्रभात पुसणं एकोणतीस टक्के, कोण वारलं ते बघणं सात टक्के. उरलेले दोन टक्के टॅब उलटा धरल्यामुळे वाया जातात.

पोळा झाला आणि त्याच आठवड्यात अकराही टॅबवर एक सूचना आली. 'मोठे अपडेट उपलब्ध आहे. सुरक्षा आणि स्थैर्यात सुधारणा. काही त्रुटी दूर केल्या आहेत.' खाली दोन बटणं: 'आता करा' आणि 'नंतर'.

सरकारी नोकरी केलेल्या माणसाने असं वाक्य वाचून गप्प बसणं शक्य नाही. सुरक्षेत सुधारणा, म्हणजे आजवर आम्ही असुरक्षित होतो? त्रुटी दूर केल्या, म्हणजे त्रुटी होत्या! कोणत्या होत्या, कुणाच्या कार्यकाळात झाल्या, आणि त्या दूर करायचा अधिकार यांना कुणी दिला? मी कंपनीकडून लेखी खुलासा मागवायचं ठरवलं. पत्ता मिळाला नाही, पण पत्रावर जावक क्रमांक टाकून ठेवला आहे.

त्याच बैठकीत 'अपडेट दक्षता समिती' स्थापन झाली आणि सभासदांच्या आशा व शंका मागवण्यात आल्या. आशा एकूण सात आल्या. त्यातली मुख्य आश्रुबांची. आश्रुबा बारा एकरांचे बागायतदार, त्यांचा टॅब ट्रॅक्टरवरून पडलेला. त्यांना वाटत होतं अपडेट केलं की काचेचा तडा बुजेल. शंका मात्र सेहेचाळीस आल्या. फोटो जातील काय? चष्म्याचा नंबर बदलेल काय? पंचांगातली एकादशी पुढेमागे सरकली तर उपास कुणाच्या हिशेबाने धरायचा? अपडेट झालेल्या टॅबवरून अपडेट न झालेल्याला सुप्रभात केलं तर ते लागू पडतं काय? एकाने तर 'मला शंका काहीच नाही, पण इतरांना आहेत म्हणजे असणारच' अशी शंका नोंदवली. ती सर्वांत भक्कम निघाली.

इथे एक खाजगी बाब सांगणं भाग आहे. माझी मुलगी रोहिणी दुबईला असते. तिला मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर बारसं ठरलं: रविवार, आपल्या घड्याळाने सकाळी अकरा. आणि टॅबवरच्या ज्या ॲपवरून आम्ही रोहिणीचं तोंड बघतो, त्याने कळवलं की टॅब अपडेट केला नाही तर बारशाच्या तीन दिवस आधीपासून त्यावर ॲप चालणार नाही. माझा फोन बटणाचा. पत्नी वनमाला, तिचाही बटणाचा. तिने नातीसाठी स्वतः पाळणा जुळवला होता आणि तो बारशाला टॅबसमोर बसून म्हणायचा म्हणून ती महिनाभर स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. (काय ते मला सांगता येणार नाही; मी त्या वेळी विषयपत्रिका तयार करत असे.)

"आवं, ते बटन दाबा की एकदाचं," वनमाला म्हणाली.

"असं कसं दाबता येईल? विषय समितीपुढं हाय."

"बारसं लेकीच्या लेकीचं हाय, समितीच्या लेकीचं न्हाई!"

बायकांना कार्यपद्धती कळत नाही, असं मी त्या दिवशी मन्मथअप्पांना म्हणालो. अप्पांनी मान हलवली. तुम्ही विचाराल, मग दुबईलाच का नाही गेलात? आमच्या दोघांच्या पासपोर्टचे अर्ज दोन वर्षांपासून भरून तयार आहेत. सही निळ्या पेनाने करावी की काळ्या, यावर माझं माझ्याशीच एकमत झालेलं नाही.

दरम्यान आश्रुबांनी सत्तेचाळिसावी शंका काढली. "साहेब, दुपारी आपून जरा आडवं झालो, आन् तेवढ्यात ह्यानं आपलं आपणच अपडेट करून घेतलं तर?"

दुपारी आडवं न होणारा सभासद संघात एकही नव्हता. तेव्हा सर्वानुमते ठरलं, की निर्णय होईपर्यंत अपडेटला स्थगिती द्यावी. अकराही टॅब बंद करून, धुतलेल्या फडक्यांत गुंडाळून, अप्पांच्या दुकानातल्या पत्र्याच्या कोठीत ज्वारीच्या आत पुरण्यात आले. पत्र्यातून नेटवर्क शिरत नाही, आणि भिजलेला फोन तांदळात ठेवतात हे तर जगमान्य आहे. मग न भिजलेला ज्वारीत ठेवायला कोणतं शास्त्र आडवं येतं? कोठीला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, किल्ली अध्यक्षांकडे. टॅब इतके सुरक्षित यापूर्वी कधीच नव्हते, म्हणजे अपडेटचं निम्मं काम आम्ही अपडेटशिवाय करून दाखवलं.

आता प्रश्न राहिला, पहिलं अपडेट कुणी करावं. त्या दिवशी निवृत्त शिक्षक भागवत गुरुजी मांजरसुंब्याला, साडूच्या मुलाच्या साखरपुड्याला गेले होते. गैरहजर माणसाला निवडून द्यायची आमच्याकडे जुनी आणि निकोप परंपरा आहे. गुरुजी बिनविरोध निवडून आले. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: 'केज नगरीचे भावी प्रथम अपडेटधारक मा. भागवत गुरुजी यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो. (संघाचे सभासद अकराच असल्याने सहाजण कोण, याचा तपास चालू आहे.) शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग झालं. गुरुजींनी पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी डोळे पुसले.

पुढच्या सभेत मी किल्ली काढली तेव्हा गुरुजी म्हणाले, "मी तर मांजरसुंब्याला गेलतो. मला कुणी इचारलं व्हतं? आन् सत्कार झाला की! आता आनखी अपडेट कशाला करायचं?"

"आवं गुरुजी, मंग शाल कशापायी घेतली?" आश्रुबा भडकले.

"शाल निवडीची व्हती. अपडेटची शाल येगळी."

मुद्दा नियमाला धरून होता. दुसऱ्या शालीचा विषय पुढील सभेत घ्यायचं ठरलं. पुढील सभेत गणसंख्या भरली नाही. त्यापुढची सभा पितृपक्षामुळे झाली नाही. असं करता करता गुरुवार उजाडला, ॲपची मुदत संपली, आणि वनमालाने माझ्याशी बोलणं कमी केलं. खरं सांगायचं तर घरात बरीच शांतता झाली आणि मला विषयपत्रिका लिहायला वेळ मिळाला.

तरी मी काही दगड नव्हे. नातीच्या बारशाआधी निर्णय व्हावा म्हणून मी रविवारी सकाळी साडेदहाला तातडीची विशेष सभा बोलावली. अध्यक्षाने आपल्या अधिकारात नुसती कोठी उघडून आपला टॅब बाहेर काढला असता तरी चाललं असतं, हे मला आज सुचतं. तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी पायंडा पडला असता.

पावणेअकराला वनमाला आली. ठेवणीतलं पातळ नेसलेली, हातात घुगऱ्यांचा डबा. दारातूनच तिने विचारलं, "झालं का तुमचं?"

"सूचक मिळालाय. अनुमोदक मिळाला की झालंच समज."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग बैठकीतून आत, मन्मथअप्पांच्या स्वयंपाकघरात गेली. अप्पांची सून शिवानी आत होती. बायकांचं काहीतरी असेल, म्हणून मी कामकाज पुढे चालू केलं. सील अध्यक्षांनी फोडावं की दोन पंचांसमक्ष फोडावं, यावर चर्चा रंगात आली. अनुमोदन देण्यासाठी आश्रुबा हात वर करतच होते, एवढ्यात आतून कुठल्यातरी मालिकेचं गाणं मोठ्याने ऐकू यायला लागलं. बाईचा आवाज बरा होता, जरा कापरा. पण सभेत कुणाचं कुणाला ऐकू येईना. शिस्त ही शिस्त. मी ओरडलो, "आत टीव्ही कोण लावलाय? बंद करा आधी!" गाणं थांबलं नाही. मग आश्रुबांनी उठून मधलं दार ओढून घेतलं. इतिवृत्तात तशी नोंद आहे: 'अंतर्गत आवाजामुळे कामकाजात व्यत्यय. मा. अध्यक्षांच्या आदेशाने दार बंद करण्यात आले.'

अकरा चाळीसला ठराव मंजूर झाला. कोठी उघडली. ज्वारी उपसून माझा टॅब बाहेर काढला, झटकला, फुंकर मारली. तो मेलेला होता; महिनाभर कुणी चार्ज केला नव्हता. पण ठराव मंजूर होता! मी टॅब दोन्ही हातांत धरून, विजयी मुद्रेने मधलं दार उघडून आत गेलो.

आत दोघी जमिनीवर बसून घुगऱ्या खात होत्या. शिवानीचा फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला.

"बारसं झालं, काका," शिवानी म्हणाली.

"तुझ्या फोनवर? आन् अपडेट?"

"ते व्हय? ते कधीच झालंय. एकदा रातच्याला आपलं आपणच झालं."

"मग? काय झालं त्यानं?"

"काई न्हाई."

सत्तेचाळीस शंका आणि सात आशा यांचं उत्तर एकच निघालं, आणि ते भिंतीपलीकडे महिनाभर भांडी घासत होतं. आमच्यापैकी एकानेही तिला विचारलं नव्हतं. ती सभासद नव्हती ना.

शिवानीने बारशाचं रेकॉर्डिंग दाखवलं. पाळणा सजवलेला, रोहिणी हिरव्या साडीत, मागे जावयाची माणसं. आणि वनमालाचा आवाज:

"आजी केजाला गं, नात दुबईला गं,
दोरी कुणाच्या हाताला गं..."

मी मालिकेचं गाणं समजलो होतो ते हेच. दुसरं कडवं संपलं आणि तिसरं सुरू व्हायच्या आत, दुबईच्या त्या सजवलेल्या खोलीत, सगळ्या पाहुण्यांसमक्ष, एक दणदणीत पुरुषी आवाज घुमला: "आत टीव्ही कोण लावलाय? बंद करा आधी!" पाहुणे खो खो हसले. कुणीतरी विचारलं, हे कोण? रोहिणी म्हणाली, "बाबा आहेत." ती तेवढी हसत नव्हती. वनमालाने क्षणभर मागे बघितलं, आणि पुढचं कडवं उचललं. मग दार लागल्याचा आवाज.

नातीच्या बारशाला माझी हजेरी ती एवढी. अडतीस वर्षं संसार केला आणि बायकोचा आवाज मला टीव्हीचा वाटला. याची मला लाज वाटते, आणि ही गोष्ट कंसात टाकता येत नाही.

"नाव काय ठेवलं?" मी हळूच विचारलं.

वनमालाने घुगऱ्यांचा घास चावून संपवला. म्हणाली, "इतिवृत्तात बघा."

तर अशी हकीकत. तुम्ही हसला असाल, हसा. तुमचं सगळं अपडेट झालेलं असणार. पण हे वाचायला बसल्यापासून तुम्हाला घरातून दोन हाका येऊन गेल्या. पहिलीला तुम्ही 'हां, आलो' म्हणालात, दुसरीला तेही नाही. नुसतं वर न बघता 'जरा आवाज बारीक करा' म्हणालात. आता उठा आणि आत जाऊन बघा. टीव्ही बंद असेल.